आत्याबाई गार पडल्या

सर्जन काय करतो ते सगळ्यांना कळतं. तो कापतो, शिवतो आणि उद्घाटनाच्या फोटोत मधोमध उभा राहतो. मी काय करते ते मराठीत नीट सांगायची सोय नाही, कारण मी भूलतज्ज्ञ आहे. भूल म्हणजे चूक, भूल म्हणजे विसर आणि भूल म्हणजे मोहिनी. या सगळ्यातली अधिकृत तज्ज्ञ म्हणून मी बॅग गाडीत टाकून बीड जिल्हाभर हिंडते. आज कड्याला, परवा सिरसाळ्याला, जिथे ऑपरेशन असेल तिथे. पेशंट झोपला की माझं काम सुरू होतं आणि तो उठला की मला कुणी ओळखत नाही. उठला नाही तर मात्र सगळे ओळखतात.

माझ्या लग्नात सासूबाईंनी या शब्दाचा मोहिनीवाला अर्थ उचलला. "लातूरच्या पोरीनं माज्या लेकाला भूल घातली," हे त्यांनी उमापूरच्या बाजारापासून लग्नाच्या मांडवापर्यंत भेटेल त्याला सांगितलं. माझे वडील पेशाने वकील. "अहो, ती खरंच भूल देते, तेच तिचं शिक्षण आहे," असं त्यांनी मोठ्या अभिमानाने समजावलं. "मंग बराबरच हाय की," सासूबाई म्हणाल्या. वडील त्यानंतर जेवणाची पंगत बघायला निघून गेले.

रीतीप्रमाणे मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्या मला डाक्टरीण म्हणतात, म्हणजे मी घरातली नसून दवाखान्यातून पाठवलेली आहे असं ऐकणाऱ्याला वाटावं. घर शेतीवाडीचं, उमापूरपासून जवळच. आमचे हे थोरले, बीडला कॉलेजात इतिहास शिकवतात आणि खोटं बोलता येत नाही हा त्यांचा एकमेव पण मोठा दोष आहे. धाकटे भाऊजी शेती बघतात असं सांगितलं जातं. खरं तर शेतीच त्यांना बघते, अधूनमधून, जीपमधून जाताना. बाकी वेळ ते साहेबांच्या मागे असतात. कोणत्या साहेबांच्या, ते त्या त्या निवडणुकीवर अवलंबून.

आत्याबाईंचं आणि माझं खरं बिनसलं ते बाटलीवरून. आमच्या भागात अशक्तपणावर एकच औषध मानतात, सलाईन. त्यातही साध्या सलाईनला मान नाही. तिच्यात व्हिटॅमिनचं इंजेक्शन सोडून ती पिवळी झाली की तिची ताकदीची बाटली होते. पिवळा रंग जितका गडद तितकी ताकद जास्त आणि डॉक्टर तितका हुशार. आत्याबाई दर उन्हाळ्याच्या तोंडाला गावातल्या डॉक्टरकडून अशा दोन बाटल्या लावून घेत, लोक मोटारसायकलचं ऑइल बदलतात तितक्या नेमाने. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी माझी अक्कल पाजळली. म्हटलं, यात एका केळ्याइतकाही जीव नाही, त्यापेक्षा दोन केळी खा. घरात डॉक्टर सून असून सासूला एक बाटली लावीना, वरून केळी खा म्हणती, ही बातमी आठवड्याभरात चार गावांत पोचली. त्यानंतर आमचा अबोला नव्हता, अबोला परवडला असता. आम्ही एकाच खोलीत बसून तिसऱ्याच्या मार्फत बोलत होतो.

असं अकरा वर्षं चाललं. मग परवाच्या मे महिन्यात आत्याबाईंचं पोट फुगलं.

त्यांच्या जांघेत हर्निया होता आणि तो कित्येक वर्षं होता, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. त्यांनी तो लुगड्याखाली जुन्या धोतराची पट्टी करून बांधून ठेवला होता. घरात डॉक्टर असताना दाखवायचा कशाला? आतडं त्यात अडकलं, उलट्या सुरू झाल्या, तेव्हा गावातल्या डॉक्टरने प्रसंग ओळखून एक पिवळी बाटली लावली. दुसऱ्या दिवशी पोट नगाऱ्यासारखं झाल्यावर भाऊजींनी त्यांना जीपमध्ये घालून तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात आणलं. तिथल्या सर्जनसाहेबांनी पोटावर हात ठेवला आणि म्हणाले, आतडं काळं पडत असणार, आत्ताच उघडावं लागेल, पुढे कुठे न्यायला वेळ नाही.

तिथला नेहमीचा भूलतज्ज्ञ परळीकडे लग्नाला गेलेला. राहिले मी. आपल्या माणसाला आपण भूल देऊ नये असं आमच्यात मानतात. हात थरथरतो म्हणतात. सासूच्या बाबतीत हात थरथरतो की जास्तच स्थिर होतो, यावर कुणी काही लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही. मी बीडहून पोचले तेव्हा आत्याबाई स्ट्रेचरवर होत्या, नाकात नळी, ओठ कोरडे, डोळे मात्र नेहमीसारखे तिखट.

"दुसरं कोन न्हाई का?" त्यांनी विचारलं. भाऊजींना नव्हे, थेट मला.

"न्हाई आत्याबाई."

"मंग दे," त्या म्हणाल्या आणि तोंड भिंतीकडे केलं.

माझी परिस्थिती काय होती ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल. आत्याबाईंचं वय सत्तरीचं, वजन शाळकरी मुलीएवढं, हृदय थकलेलं. टेबलावर काही बरंवाईट झालं असतं तर कारण आतडं ठरलं नसतं, हर्निया ठरला नसता, ती धोतराची पट्टी तर मुळीच ठरली नसती. सुनेनं सासूला भूल दिली आणि सासू उठली नाही, एवढं एक वाक्य तयार होतं आणि ते मला जन्मभर पुरलं असतं. नवऱ्याच्या तोंडून ते कधी आलं नसतं, पण त्याच्या गप्प बसण्यात मला रोज ऐकू आलं असतं. आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी मला त्या जिवंत हव्या होत्या. प्रेमबीम नव्हे. अकरा वर्षांचं भांडण असं अर्धवट टाकून कुणी निघून गेलं तर मागच्या माणसाने करायचं काय?

भूल दिलेल्या माणसाला सगळ्यात आधी काय होतं तर तो गार होतो. हे बाहेर कुणाला पटत नाही. मे महिन्यात आमच्याकडे रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं, माणसं उन्हाने दगावतात, आणि मी आत थंडीशी मारामारी करत असते. जागेपणी शरीर आपली ऊब सांभाळतं, गारठलं की कुडकुडतं, अंगावर काटा आणतं. भूल दिली की हा पहारेकरीही झोपतो. आतली ऊब हातापायांकडे पसरून उडून जाते. त्यात पोट उघडं आणि वर एसी. गारठलेल्या म्हाताऱ्या माणसाचं रक्त नीट गोठत नाही, औषध लवकर उतरत नाही, आणि उठताना जी हुडहुडी भरते ती थकलेल्या हृदयाला झेपेलच असं नाही. मला भीती होती ती या हुडहुडीची.

एसी ही त्या दवाखान्याची इभ्रत होती. बाहेर दर्शनी भिंतीवर डॉक्टरच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात 'संपूर्ण वातानुकूलित' लिहिलेलं. सर्जनसाहेब देहाने भरभक्कम, घाम त्यांना हातमोजे घालायच्या आधीपासूनच येतो, त्यामुळे थिएटरात कायम पौष महिना असतो. मी म्हटलं, सर, एसी जरा कमी करू. ते म्हणाले, मॅडम, माझा घाम पेशंटच्या पोटात पडलेला चालेल का? हा प्रश्न ते गेली कित्येक वर्षं विचारत आलेत आणि दर वेळी जिंकत आलेत.

म्हणून मी दुसरा उपाय काढला. अमिनो ॲसिडची बाटली असते. प्रथिनं आपण खातो ती पोटात मोडून जे बारीक तुकडे होतात, तेच तयार करून शिरेतून द्यायचे. भरपेट जेवल्यावर अंगाला ऊब येते ना, तसंच. शरीर ते तुकडे कामाला लावताना उष्णता तयार करतं, आणि गंमत म्हणजे भूल दिलेल्या माणसात ती जागेपणीपेक्षा जास्त तयार होते, असं माझ्या वाचनात आलं होतं आणि मी दोनचार ठिकाणी वापरूनही पाहिलं होतं. मूत्रपिंड धड हवं, आत्याबाईंचं धड होतं. तेवढं एक त्यांनी बांधून ठेवलं नव्हतं.

सर्जनसाहेबांना हे सांगितलं तर ते मास्कच्या आत हसले. "म्हणजे ताकदीची बाटली? मॅडम, तुम्हीसुद्धा?"

अकरा वर्षं मी ज्या बाटलीविरुद्ध केळ्यांचा प्रचार केला, तिच्याच थोरल्या बहिणीसाठी मी आता हात पसरत होते. दवाखान्यात ती नव्हती. भाऊजींना बोलावलं, कागदावर नाव लिहून दिलं आणि बाजारातल्या मोठ्या मेडिकलवरून लगेच आणायला सांगितलं.

"वैनी, म्हंजे ताकदीचीच ना?"

"हो, ताकदीचीच."

"मंग तवा कावून न्हाई लावली?" असं म्हणून ते गेले. मी हात धुवायला वळले.

आम्ही सुरुवात केली. आत्याबाई शांतपणे झोपल्या. मी त्यांना इतक्या वर्षांत प्रथमच काही न बोलता बघत होते. पोट उघडलं, आतड्याचा एक तुकडा खरंच काळा पडलेला, तो काढायचा, उरलेलं जोडायचं, म्हणजे काम लांबणार होतं. त्यात सर्जनसाहेबांनी पोट धुवायला स्टोअरमधल्या थंडगार सलाईनच्या बाटल्या ओतल्या. घशात सोडलेल्या तारेमुळे शरीराचं तापमान मॉनिटरवर दिसत असतं. सदतीस सेल्सिअसच्या आसपास हवं, ते छत्तीसवर आलं, मग पस्तीसकडे सरकू लागलं. मी पायांना कापसाच्या गुंडाळ्या बांधल्या, डोक्याला प्लास्टिक गुंडाळलं, सलाईनच्या बाटल्या गरम पाण्याच्या बादलीत टाकायला सांगितल्या. आकडा पस्तीसच्याही खाली गेला. भाऊजी आणि बाटली यांचा पत्ता नव्हता. सिस्टर दार अर्धवट उघडून बाहेर डोकावत होत्या, बाटली आली का बघायला. मी जागेवरूनच ओरडले.

"सिस्टर, आत्याबाई गार पडल्यात, बाटली कुठे अडकली बघा की."

वैद्यकीयदृष्ट्या या वाक्यात एक अक्षर चुकीचं नव्हतं. दाराबाहेर मात्र गावाहून टेम्पोने आलेले पंधरावीस नातेवाईक बसलेले होते आणि त्यांना वैद्यक येत नव्हतं, मराठी येत होतं. आमच्याकडे माणूस गार पडतो तो एकदाच. त्यानंतर त्याला बाटली लावत नाहीत.

बाहेर एकदम हंबरडा फुटला. मला वाटलं शेजारच्या वॉर्डात कुणी गेलं असावं, आणि खरं सांगते, मला त्यांचं वाईटही वाटलं. मी आपली बादलीतली बाटली पुसत होते. थोड्या वेळाने कोपऱ्यात ठेवलेला माझा फोन थरथरायला लागला, थांबेचना. सिस्टरांनी उचलून बघितला, मग माझ्याकडे बघितलं. त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. भाऊजींचं स्टेटस होतं. आत्याबाईंचा फोटो, चहूबाजूंनी फुलं, खाली 'आमच्या कुटुंबाचा आधारवड कोसळला, भावपूर्ण श्रद्धांजली, शोकाकुल' आणि भाऊजींचं नाव, सगळ्या पदांसकट. फोटो साहेबांसोबतच्या एका कार्यक्रमातला कापून घेतलेला, त्यामुळे आत्याबाईंच्या कानाशी साहेबांचा खांदा राहिला होता.

त्या फोनच्या मागे मॉनिटरवर आत्याबाईंचं हृदय चाललेलं मला दिसत होतं. ठोका हळू होता, पण होता. माझी सासू वारल्याचं मी तिची नाडी धरून वाचत होते.

"सर," मी म्हटलं, "बाहेर आपला पेशंट गेलाय."

सर्जनसाहेबांनी टाका अर्धवट ठेवून फोनकडे बघितलं, मग दाराकडे. दारावर कुणीतरी लाथ मारली. आमच्या व्यवसायात पुढे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, आधी काचा जातात, मग खुर्च्या. सर्जनसाहेबांच्या कपाळावर घाम आला आणि तो एसीचा दोष नव्हता. "एसी बंद करा," ते म्हणाले. "पूर्ण बंद करा. गरम सलाईन द्या मला. मॅडम, आणखी काय पाहिजे तुम्हाला?" जे काम माझ्या वर्षानुवर्षांच्या विनवण्यांनी झालं नाही ते एका लाथेने झालं.

मी सिस्टरांकडून भाऊजींना फोन लावून स्पीकरवर घेतला. पलीकडे नाक ओढल्याचा आवाज.

"भाऊजी, बाटली कुठंय?"

"वैनी," ते हुंदका देत म्हणाले, "तुमी धीर धरा."

"आत्याबाईंना काही झालेलं नाही. बाटली आणा."

"व्हय वैनी. तुमी जरा बसा. पानी प्या. कुनी हाय का जवळ तुमच्या?"

"भाऊजी, त्या जिवंत आहेत, मी त्यांच्या उशाशी उभी आहे."

"मला कळतंय वैनी, लई कठीन असतंय," भाऊजी म्हणाले. "पर आता बाटलीचं काय करायचं?"

मला शिव्या देता येतात, पण दिराला देता येत नाहीत, ही आपल्याकडची अडचण आहे. मी सिस्टरांना म्हटलं, फोन मॉनिटरला लावा, आवाज मोठा करा. टुक, टुक, टुक. पलीकडचं रडणं थांबलं.

"हे काय हाय?"

"तुमच्या आईचं काळीज. तुम्ही बाटली आणेपर्यंत ते मी चालू ठेवते. नंतरचं तुमचं तुम्ही बघा."

फोन बंद झाला. मग सिस्टर बाहेर जाऊन आल्या. आजी जिवंत आहेत असं त्यांनी सांगितलं, तर उत्तर मिळालं की दवाखान्यात असंच सांगतात, गेलेलं माणूस मशीनवर ठेवतात. तेव्हा मी बाहेर बसलेल्या आमच्या यांना आत बोलावलं. त्यांना उलटा गाऊन घातला, टोपी घातली, चेहरा पांढराफटक. "हात लावून बघा आणि बाहेर जाऊन सांगा," मी म्हटलं. त्यांनी आईच्या पावलाला हात लावला, मग माझ्याकडे बघितलं, मग मॉनिटरकडे. आपल्या माणसाला मी इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. ते बाहेर गेले आणि इतिहासाच्या प्राध्यापकाला शोभेल अशा सत्यनिष्ठेने सांगू लागले, "पाय गार आहेत, पण..." पुढचं कुणाला ऐकू आलं नाही. हंबरडा पहिल्यापेक्षा मोठा होता. मी आतून कपाळावर हात मारून घेतला, हातमोज्यासकट.

बाटली आली ती एका मोठ्या पिशवीत. त्याच पिशवीत नवंकोरं पांढरं कापड होतं. भाऊजी उशीर का झाला ते दारातूनच सांगू लागले. मेडिकलवाल्याने लगेच बाटली पुढे ठेवली होती, पण ती पाण्यासारखी पांढरी होती. भाऊजींना ती फसवणूक वाटली. ताकदीची म्हणतात ती पिवळी असते एवढं त्यांना कळत होतं. पिवळी दे, नसेल तर दुसरीकडून मागव, असा वाद चालू असताना दवाखान्याबाहेरच्या नातेवाइकांचा फोन आला की आई गेली. मग बाटली तिथेच राहिली आणि भाऊजी शेजारच्या कापडाच्या दुकानात गेले. माझ्या फोननंतर ते दोन्हीकडचं घेऊन आले. ते काहीही वाया जाऊ देत नाहीत.

मी बाटली लावली. कुणाचाही गैरसमज नको म्हणून सांगते, शिरेत थेंब पडले आणि आकडा चढला असं काही झालं नाही. ते गोष्टींत होतं. आधी आकडा खाली जायचा थांबला. एसी बंद, पोटात गरम सलाईन, पायाला कापूस आणि शिरेतून हे जेवण, सगळं मिळून हळूहळू लागू पडत होतं. मी त्यांच्या डोक्याशी बसले, एक हात कपाळावर. इतक्या वर्षांत मी त्यांच्या पायांना हात लावला होता, कपाळाला कधीच नाही. बाहेर माझ्या सासूच्या चांगल्या गुणांची रडत रडत आठवण काढली जात होती. त्यातले निम्मे मला नवीन होते. मी मनात म्हणत होते, बाई, एवढं करा, उठा, मग मला हवं ते बोला, चार गावांत सांगा, मी केळ्याचं नाव काढणार नाही. मी घाबरले होते. मला रडायला येत होतं आणि रडले असते तर चष्म्यावर वाफ येऊन आकडा दिसला नसता, म्हणून रडले नाही.

पोट शिवून होईपर्यंत आकडा छत्तीसच्या जवळ आला होता. भूल उतरवली. आम्ही सगळे हुडहुडीची वाट बघत उभे होतो. आली नाही. आत्याबाईंनी श्वास घेतला, पाय ओढला, डोळे किलकिले केले. घशातली श्वासाची नळी काढल्यावर पहिला शब्द बोलल्या तो "लाइट" होता, आणि त्यात लाइट बंद करा हे पुढचं सगळं आलं. सर्जनसाहेब घामाने निथळत स्टुलावर बसले. स्ट्रेचर बाहेर काढलं तेव्हा व्हरांड्यातली रडारड मध्येच तुटली आणि एक चुलत सासूबाई, ज्या सगळ्यात मोठ्याने रडत होत्या, थोड्या नाराजच दिसल्या. आमच्या यांनी आईचा पाय पुन्हा चाचपला. या वेळी ते काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले.

भाऊजींनी स्टेटस काढलं, पण माघार घेणं त्यांच्या पक्षात बसत नाही. संध्याकाळी नवीन स्टेटस आलं, साहेबांच्या आशीर्वादाने आईसाहेबांची प्रकृती स्थिर. या वेळी फोटोत साहेब पूर्ण होते. आणि माझी कीर्ती झाली. डाक्टरणीने गेलेलं माणूस ताकदीची बाटली लावून परत आणलं, हे आता चार नव्हे, चाळीस गावांत माहीत आहे. लोक मला गाडी थांबवून विचारतात, ती पांढरी बाटली किती जणांना चालते? मी समजावते की ती भूल दिलेल्या माणसासाठी असते, ऊब टिकवायला, अशक्तपणावर नव्हे. ते मान डोलावतात आणि म्हणतात, आधी भूल द्या मग.

पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. ऑपरेशननंतर चार दिवसांनी मी वॉर्डात गेले तेव्हा आत्याबाई उशीला टेकून बसल्या होत्या. भोवती भेटायला आलेल्या बाया. त्यांनी सगळ्यांना चहाला घालवलं.

"डाक्टरीण, हिकडं ये. बस."

मी बसले. मधे तिसरं कुणी नव्हतं.

"मी मेलते म्हनं."

"बाहेर तसं झालं होतं."

"कोन कोन रडलं?"

मला हसू आवरेना, पण त्या गंभीर होत्या. मग मी सांगितलं. चुलतसासूबाईंनी ऊर बडवला. भाऊजी दुकानात उभ्याउभ्या रडले. तुमचे थोरले भिंतीकडे तोंड करून रडले, आवाज न करता. बांधावरून ज्यांच्याशी तुमचं बोलणं नाही त्या बाईसुद्धा गावात दारात बसून रडल्या असं कळलं. त्या एकेक नाव ऐकून मान हलवत होत्या. बांधावाल्या बाईंचं नाव ऐकून त्यांना विशेष बरं वाटलेलं दिसलं.

"अन् तू?"

"मला कुठला वेळ, आत्याबाई? बाटली लावायची होती."

मी मनात म्हटलं, झालं, अकरा वर्षांच्या भांडणाला नवं कलम मिळालं, सासू मेली तरी डाक्टरीण रडली न्हाई. त्यांनी पांघरुणाखालून हात बाहेर काढला आणि माझ्या मनगटावर ठेवला. हात चांगला ऊबदार होता.

"म्हंजे समद्यांनी मला वाटंला लावलं," त्या म्हणाल्या. "तू तेवढी न्हाई."

मी उठून उगाच सलाईनचे थेंब मोजू लागले. मोजता येईना, चष्म्यावर वाफ आली होती.

"आता कावून रडतीस मंग?" आत्याबाई म्हणाल्या. "मी हाय की."